बॉनेटवरची अडीच बोटं

सोमवार, ६ जानेवारी ७५

रत्ने, वैरागला तुला दोन पत्रं टाकली. दोन्ही कुठं ठेवलीस ते तू शोधत असशील, आणि शोधायला चष्मा सापडत नसेल. कपाळावर बघ. म्हणून पत्रं बंद. पेंडीच्या व्यापाऱ्यानं तुझ्या भावाला, मल्लूला, ही तारखा छापलेली वही दिली. त्यानं पहिल्या पानावर आपलं नाव घातलं आणि दमला. मी उचलली. रोज थोडं सांगत जाईन. भरली की एकदम धाडीन, म्हणजे तुला सगळं एकदम विसरता येईल.

लिहिणार तुझी भावजय. महादेवी सातवी पास. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. वाचून दाखवते तेव्हा दुसरीच कुणी बाई बोलल्यागत वाटतं. मल्लूला सांगितलंय, पापड-सांडग्यांची मापं उतरवतेय. आता तो हात लावायचा नाही.

बातमी: ह्यांची, तुझ्या आप्पांची, गाडी. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेवढीच वर्षं ती घाण्याच्या भिंतीला उभी. आत मांजर वितं. पिकल्या जांभळासारखी निळी होती, आठवतं का. आता चुलीतल्या राखेसारखी. बोट फिरवलं की बोटाला पांढरं लागतं. महादेवीच्या सुमीनं ते पांढरं तीन बोटांनी कपाळाला ओढलं आणि म्हणाली, बघ अव्वा, इभूत. सात वर्षांची आहे, पण घरात तेवढीच शहाणी.

मल्लू म्हणतो, पौष संपला की लग्नं सुरू. गाडी चमकवायची आणि नवरदेवाला भाड्यानं द्यायची. घाणा तर बसलाच आहे.

बुधवार, ८ जाने.

मेहबूब पेंटर आला. म्हातारा झाला, दाढीला मेंदी. गाडीवर अंगठा घासला, वास घेतला.

“मल्लूशेठ, गाडी है की भजी? तेल कायकू लगाया?”

लावलं होतं. चमक यावी म्हणून तुझा भाऊ दोन वर्षं दर सोमवारी करडईचं तेल चोळत होता. घाण्याच्या घरचा, कोरडं दिसलं की तेल. तेलावर धूळ बसली, धूळ उन्हात शिजली. मी बघत होते. सांगितलं नाही. चोळताना तो लई भक्तिभावानं चोळायचा, गंमत वाटायची.

मेहबूब म्हणाला, “कलर जिंदा है अम्मा. सिरफ उप्पर की चमडी मरी. घिसके निकालेंगे, नीचे से नवी दुल्हन.”

मी म्हटलं, माझ्यावर करून बघ आधी.

शनिवार, ११ जाने.

काम सुरू. सोड्याच्या गरम पाण्यानं आधी तेल काढलं, मग कापडानं पुसली. मग पाण्यात भिजवलेला घासायचा कागद. एका दिशेनं, हलक्या हातानं, मध्ये मध्ये पाणी. खाली निळं पाणी वाहतं, अंगणभर. मी बाजेवर शेंगा सोलत बसते आणि चुका काढते.

मेहबूब म्हणतो, कडेला आणि उंचवट्याला जपावं लागतं, तितं रंग पातळ. जास्त घासलं की खालचं तांबडं अस्तर वर येतं, मग गेलं.

महादेवीनं पाण्याच्या बादल्या दिल्या. निम्मं पाणी गाडीला, निम्मं स्वतःच्या पायाला. हे लिहिताना तिचं तोंड बघायला तू पाहिजे होतीस.

बुधवार, १५ जाने.

काल संक्रांत. मेहबूब आला नाही, गड्ड्याच्या जत्रेत पोरंबाळं घेऊन गेला. शेंगापोळ्या केल्या. ह्यांच्या फोटोपुढं पहिली ठेवली. मल्लूनं ताट उचलून बघितलं, कडेपर्यंत सारण गेलंय का. बाप असंच बघायचा. कडा कोरडी राहिली की

पुढचं नको. सणाचं आहे.

शुक्रवार, १७ जाने.

दरवाजे झाले, टप झाला. डाव्या दारात मला माझं तोंड दिसलं. दार परत राखेचं कर म्हटलं.

दुपारी बॉनेट घेतलं. मेहबूब घासता घासता थांबला. पाणी मारलं, कपडा फिरवला, पुन्हा घासलं. मग मला म्हणाला, अम्मा, ये देखो.

निळ्यावर तीन पट्टे. पुसट, मातकट. दोन लांब, तिसरा अर्धाच, टोकाला बोथट.

मी शेंगांचं सूप खाली ठेवलं.

दर दसऱ्याला गाडीची पूजा हेच करायचे. ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवून बॉनेटवर ओढायचे, वर कुंकू. पुसायला बंदी. पुढचा दसरा येईपर्यंत उन्हात तसंच. अकरा दसरे, एकाच जागी, एकाच हातानं. मेहबूब म्हणतो, राखेनं आणि कुंकवातल्या चुन्यानं रंग खाल्ला. वर पांढरं धरलं होतं म्हणून इतके दिवस दिसलं नाही.

तिसरं बोट अर्धं, कारण अनामिकेचं पेर घाण्याच्या पट्ट्यात गेलेलं. तू जन्मायच्या आधी. ते तरी आठवतं का, की तुला वाटायचं सगळ्यांचेच बाप अडीच बोटांचे?

मल्लू दुकानातून आला. बघितलं. चप्पल काढली. हात जोडले. रडला, रत्ने. बाप गेला तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाची काळजी करत होता, आज रडला.

सोमवार, २० जाने.

सकाळपासून दर्शन. आधी शेजारची गंगव्वा, हार घेऊन. ह्याच गंगव्वाला ह्यांनी एका घागरीपायी सबंध भवानी पेठेला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या होत्या. आज म्हणते, “देवमाणूस हुता. हात ठेवून गेलाय घरावर.” मग तिच्या दोन जावा. मग मठातले अय्या आले, त्यांनी विभूती लावली आणि शेंगापोळ्या बांधून नेल्या.

मल्लूनं मेहबूबचं काम थांबवलं. लग्नाला गाडी द्यायची नाही म्हणतो. “आप्पांच्या हातावर नवरदेवाचे हार? हात लावायचा न्हाय कुणी.” वर छप्पर घालायचं चाललंय.

सगळे मला विचारतात, अव्वा, ओळखला का हात? ओळखला की. सगळ्यांच्या आधी मीच ओळखला.

(इथं अत्ती जे बोलल्या ते मी लिहिलं नाही. — म.)

मंगळवार, २१ जाने.

कालचं वाच म्हटलं. वाचता वाचता एका जागी महादेवी पटकन पुढं सरकली. तिथं माझं वाक्य होतं. म्हटलं, घाल परत, नाहीतर सुमीच्या मास्तरांना बोलावून घालून घेते. मग घाबरली. आता लिहिते आहे:

तो हात बॉनेटवर अकरा दसरे उमटला. माझ्या गालावर तीस वर्षं. दोन लांब, तिसरं अर्धं. करंगळी कधी उमटायची, कधी नाही.

रत्ने, तू सहा वर्षांची. संक्रांतच होती. शेंगापोळीची कडा कोरडी राहिली, एवढंच. तू ज्वारीच्या कणगीमागून बाहेर आलीस, माझ्या गालाजवळ तोंड आणलंस आणि विचारलंस, “अव्वा, तिसरं बोट अर्धंच कसं गं?” हे हसले. खो खो हसले. तुला खांद्यावर घेऊन बाजारात गेले आणि बत्तासे घेऊन दिले.

परवा दिवाळीला आलीस तेव्हा सुमीला सांगत होतीस, आप्पा मला खांद्यावर बसवून बत्ताशाला न्यायचे. न्यायचे. बत्तासे बरोबर आहेत. त्याच्या आधीचं कुठं सांडलंस?

तेव्हाच विचारणार होते. तुझ्या तोंडात चिवडा होता.

शुक्रवार, २४ जाने.

मेहबूबला गुपचूप बोलावलं. सामान न्यायला आला असं दाखवलं. म्हटलं, एवढे तीन पट्टे काढून टाक.

“निकलता अम्मा. पर वां कलर पतला हुआ. घिसा तो अस्तर दिखेगा. पूरा बॉनेट नवा मारना पडेगा. एक दिन का काम.”

मग मार.

“मालिक को पूछे बिगर नै अम्मा. मेरे कू पेठ में रहना है.”

खरं बोलला. कागदाचे उरलेले तुकडे मात्र बाजेखाली विसरून गेला. तुझ्यासारखा.

सोमवार, २७ जाने.

दर्शनाची गर्दी, पाणी-चहा करून महादेवी थकली. चहात साखर कमी पडली. गंगव्वाच्या जावेनं तोंड वाकडं केलं, मल्लूनं बघितलं. माणसं गेल्यावर आत आवाज झाला. एकच.

मी सोप्यात शेंगा सोलत होते. सोलत राहिले. हे जसंच्या तसं लिही, महादेवी. माझं म्हणून लिही. अर्धी पायली सोलून झाल्यावर उठले.

हिनं पदर गालावर ओढला होता. “वाफ लागली, अत्ती.” पदर काढला. चार बोटं. सगळी पुरी. ह्या बाबतीत पोरगा बापाच्या पुढं गेला.

आधी असा नव्हता, ते तुलापण ठाऊक. बावळट होता, गाडीला तेल चोळणारा. त्या बॉनेटपुढं रोज डोकं टेकायला लागल्यापासून आवाज बदललाय. सारखं एकच, “आप्पांचा हात हाय घरावर, आता शिस्त येईल.”

सुमी शाळेतून आली. आईकडं बघितलं, मग बाहेर गाडीकडं. मला म्हणाली, “अव्वा, आजोबांचा हात आईच्या गालावर कसा आला? ते तर मेलेत की.”

हिला मी बत्तासे दिले नाहीत. काही दिलं नाही.

मंगळवार, २८ जाने.

महादेवी आज लिहायला बसेना. म्हटलं, पेन धर, गाल धरून काय होतंय. म्हणाली, अत्ती, तुम्ही लई वाईट बोलता. म्हटलं, हे पण लिही. लिहिलं. अक्षर मोठं काढलंय म्हणते.

गुरुवार, ३० जाने.

आज घासलं.

मल्लू करडई बघायला कुंभारीला गेला, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. महादेवीला दारात उभं केलं. पाट ठेवला, पाटावर चढले, बादलीत कागद भिजवला. मेहबूबच्या कागदांत बारीक असतो, खरखरीत असतो, पाठीवर आकडा असतो. आकडा मला काय कळणार. बोटानं चाचपून घेतला. जन्मभर जातं ओढलं आणि शेंगा सोलल्या. माझ्या बोटांना सगळंच मऊ लागतं.

घासत बसले. एका दिशेनं, हलक्या हातानं, पाणी सोडत. मेहबूब बघता तर नोकरीला ठेवता. घासताना एकेक आठवत होतं. आठवेल तसा हात जड होत गेला, हे खरं. खाली निळं पाणी वाहिलं. मग ते तपकिरी झालं. मला वाटलं मळ.

महादेवी जवळ आली आणि म्हणाली, “अत्ती, थांबा.”

पट्टे गेले नव्हते. तिथं रंग पातळ, म्हणून आधी तिथंच फाटला. खालचं तांबडं अस्तर वर आलं. दोन लांब, एक अर्धं. आता लाल.

तसेच दिसत होते, रत्ने. पहिल्या तासाभरात जसे दिसायचे तसे.

पाटावरून उतरता येईना. महादेवीनं धरलं. तिनं पाणी सांडलं नाही आज.

शनिवार, १ फेब्रु.

मल्लूनं परवा दिवे लागणीला बघितलं आणि तिथंच बसला. “आप्पा कोपले.”

कोपले म्हणून काल अय्यांना बोलावलं. शांत करायला काय करायचं ते त्यांनी सांगितलं. त्यात हुग्गीचं गोड जेवण होतं.

आज बायका दुप्पट. बॉनेट लाल झालं, बॉनेटला घाम फुटला, कुणी काय सांगतंय. मी बाजेवरून सांगितलं, “अगं, मी घासलंय ते. कागदानं.” सगळ्या हसल्या. गंगव्वा म्हणाली, “अव्वा, तुमचा हात तरी पोचतोय का तितवर?” बोटं दाखवली. नखांत निळा रंग, अजून गेला नाही. गंगव्वा बघत राहिली. मग खाली वाकून माझ्या पाया पडली. म्हणते, बघा, नवऱ्याचा रंग बायकोच्या हाताला चढला.

तीस वर्षं खरं झाकलं तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. आज उघडं सांगितलं तर पाया पडतात.

सोमवार, ३ फेब्रु.

मल्लूला एकट्याला बसवलं. सांगितलं. हात कुणाचा, कशाचा, किती वेळा. बादली दाखवली, कागद दाखवला.

ऐकलं त्यानं. नख कुरतडत ऐकलं. मग म्हणाला, “अव्वा, तुझं वय झालंय. कायबी बोलतीस. आप्पांनी तुला कधी बोट लावलं न्हाय.”

तो तेव्हा पाळण्यात होता, पुढं मामाकडं शिकायला. खरंच बघितलं नसेल. की बघितलं असेल. बोलताना माझ्या गालाकडं त्याची नजर एकदाच गेली आणि तिथून पुन्हा हलली नाही.

उठताना म्हणाला, “महादेवीनं शिकवलं का तुला हे?”

म्हणजे मी काही केलं तर पावती कुणाच्या गालावर फाटणार ते कळलं.

बुधवार, ५ फेब्रु.

ही दोन दिवस पदर घेऊन वावरते. वाफ म्हणते. आमच्या घरात वाफ लई झाली.

मी तिला म्हटलं, माहेरी जा. म्हणाली, “कुटं? भाऊ म्हणतो, घरावर थोर माणसाचा हात हाय, नशीबवान हाईस.” तोपण दर्शन घेऊन गेला, रविवारी. नारळ फोडला.

मग दोघी हसलो. का हसलो ते लिहिता यायचं नाही म्हणते. सातवी पास असून.

गुरुवार, ६ फेब्रु.

वही भरली नाही, तरी धाडते. गंगव्वाचा जावई उद्या वैरागला जातोय, त्याच्या पिशवीत पापडांच्या खाली ठेवलीय. रविवारी परत येणार आहे. डबा मोकळा दिलाय त्याच्याबरोबर.

आता नीट ऐक. कपाळावरचा चष्मा डोळ्यावर घे.

सोमवारी मल्लू बार्शीच्या बाजाराला जाणार, दिवस मोडेल. मंगळवारी अवस, त्याच्या आत काम उरकायला मेहबूबला मी तयार केलंय. कसा ते विचारू नको. म्हणाला, “अम्मा, मेरी भी बेटी है.” सगळं बॉनेट खरवडून नवा निळा मारून देतो. एका दिवसात हात गेला.

पण मल्लू परत आल्यावर राग माझ्यावर काढणार नाही. हिच्यावर काढेल. त्याला अडवील असं एकच माणूस आहे. तू त्याला कडेवर वाढवलंस, आणि तू आप्पांची लाडकी. तू दारात उभी राहून म्हणालीस, की मी सांगितलं पुसायला, आणि का ते पण म्हणालीस, तर तो ऐकेल. मी म्हातारी, ही परक्या घरची. तू खांद्यावर बसलेली आहेस.

तेवढ्यासाठी तुला आठवलं पाहिजे. कणगी. माझा गाल. तू विचारलेलं. बत्तासे नंतर.

महादेवी विचारते, वन्संना नाहीच आठवलं तर? म्हटलं, लिही पुढं.

उत्तर कागदावर देऊ नकोस. कागद मल्लू फोडतो आणि त्याला पाहिजे तसा मला वाचून दाखवतो. डब्यातून दे. बत्तासेच आठवत असतील तर शेंगापोळ्या भरून पाठव. मी खाईन, बॉनेटला हळदकुंकू वाहीन, पुन्हा तुला कधी काही विचारणार नाही. गाल आठवत असला तर कारळ्याची चटणी पाठव. सोमवारी मेहबूब येईल, आणि सांजच्या गाडीनं तू.

चटणी केलीस तर तिखट घालताना हात आखडू नको. आणि लसूण सोलून घाल, मागच्या खेपेला सालं होती.